शिदूला उठवायचं कुणी?

शिदूनं आपल्यापुढं होते नव्हते ते सगळे चिंचोके दोन्ही हातांनी मधे सरकवले आणि पत्त्यांना बोटही न लावता म्हणाला, "ओतलं."

समोर कोंडाजी बसला होता. त्यानं आपली तीन पानं उचलली, छातीशी धरून एकेक पाहिली, न जाणो बदलली असतील म्हणून पुन्हा पाहिली, आणि खाली ठेवली.

"पडलो."

"अरं माणसा," मागं बसलेला महिपती कळवळला, "एक्क्याची जोडी व्हती की रं तुज्याकडं!"

"असंल. त्याच्याकडं त्याहून मोठं असलं तर?"

"त्यानं पानं बघितलीच न्हाईत!"

"त्येच तर. बघितली असती तर मला त्याच्या तोंडावरनं अंदाज आला असता."

भिकाजी मास्तरांनी दोघांनी डावाआधी मधे टाकलेले बुटाचे दोन चिंचोके शिदूकडं ढकलले, उठून फळ्यापाशी गेले आणि आधीचे आकडे पुसून नवे लिहिले. शिदू दहा, कोंडाजी तीनशे नव्वद. मास्तरांचं अक्षर फार सुंदर होतं.

हे सगळं भाज्याच्या शाळेच्या पडवीत, चौसष्ट सालच्या श्रावणात, रविवारी सकाळी चाललं होतं. भाताची आवणी उरकली की भाज्यातल्या पुरुषांना दोन-तीन आठवडे काम नसतं. भात आपलं आपण वाढतं. बांधावर उभं राहून त्याच्याकडं पाहत राहिलं तर उगाच संकोचतं. त्यामुळं दरवर्षी आवणीनंतर तीन पत्तीचे सामने भरत. आठ खेळाडू, प्रत्येकाला पन्नास चिंचोके. चिंचोके संपले की माणूस उठला. शेवटी बसलेला राहील त्याला बक्षीस. शाळेत पत्ते कसे, असं बाहेरगावच्या कुणी विचारलं तर मास्तर सांगत, "अंकगणित आहे."

यंदाचं बक्षीस पितळी पंपाचा स्टोव्ह होता. लोणावळ्याच्या एका चिक्कीवाल्यानं तो दिला होता. का दिला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं तर परत नेईल अशी भीती होती.

नियम एकच विचित्र होता. ज्यानं उठवलं, त्यानं उठलेल्याला घरी नेऊन जेवू घालायचं. फार पूर्वी एकजण हरून तणतणत गेला होता आणि त्याच संध्याकाळी त्यानं जिंकणाऱ्याच्या खाचराचा बांध फोडला होता. सगळं पाणी ओढ्याला गेलं. तेव्हापासून गावानं ठरवलं की हरलेल्या माणसाला उपाशी पोटी मोकळं सोडायचं नाही. पाटावर शेजारी बसवायचं, पोटभर वाढायचं. ज्याचं खाल्लं त्याचा बांध फोडायला माणूस निदान दुसऱ्या दिवसापर्यंत थांबतो, आणि दुसऱ्या दिवशी विसरतो.

नियम चांगला होता. अडचण शिदूची होती.

शिदू वरच्या ठाकरवाडीचा. मोळी विकायचा, मजुरीला यायचा, आणि एका बैठकीला अठरा भाकऱ्या खायचा. निदान गावात तसं बोलत. पहिल्यांदा बोलले तेव्हा आठ होत्या; मग कुणाच्या तरी लग्नात बारा झाल्या, आणि अठरावर आकडा येऊन स्थिरावला. मोजल्या कुणीच नव्हत्या. लग्नात शिदू अंगणाच्या कडेला, वाजंत्र्यांच्याही पलीकडं बसायचा. तिथवर मोजायला जाणार कोण?

पण अठरा म्हणजे अठरा. तांदूळ कणग्यांच्या तळाशी गेलेले, नवं भात दिवाळीला. त्यामुळं शिदूला उठवायला कुणी तयार नसे. शनिवारभर तो आनंदानं चिंचोके हरत होता. नऊ-दहा उरले की सगळे ओतायचा. त्यानं ओतलं की सगळे भराभर पडायचे. महिपतीसारखा तीस खंडी भाताचा धनी हातात राजांची जोडी असताना "जाऊ दे, गरीब हाय," म्हणून पडला होता. अशा रीतीनं इतर सहाजण एकेक करून उठले, उठवणाऱ्याकडं जेवले, आणि शेवटी शिदू नऊ चिंचोक्यांनिशी अंतिम सामन्याला बसला.

समोर कोंडाजी आला तोही तसाच. कोंडाजी मळवलीजवळच्या रेल्वे फाटकावर गेटमन होता. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं एकही धोका पत्करला नव्हता. शंका आली की फाटक बंद. एकदा गाडी येतेय असा निरोप आला आणि ती रद्द झाल्याचा आलाच नाही, तेव्हा त्यानं अडीच तास फाटक लावून ठेवलं होतं. वऱ्हाड अलीकडं, नवरी पलीकडं. मुहूर्त टळायला लागला तेव्हा भटजींनी अंतरपाट फाटकालाच बांधून लग्न लावलं. जोडपं सुखात आहे.

पत्त्यांतही तो असाच खेळे. आयुष्यात तीनदा-चारदा सोडता तो कायम पडलेला. फक्त शनिवारी दुपारी त्याला तीन राजे आले, आणि नेमके त्याच डावात महिपतीनं आणि आणखी एकानं सगळं ओतलं. तीन राजांवर पडता येत नाही. तेवढं कोंडाजीलाही समजत होतं. दोघं उठले, दोघांना त्यानं घरी नेऊन जेवू घातलं. आणि तिथंच त्याचं मन मोडलं होतं. ते कुणाला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी नऊपासून खेळ एकाच चालीनं चालला. एकेक चिंचोका बुटाला. शिदू न बघता ओतायचा. कोंडाजी बघून पडायचा. मास्तर उठून फळा पुसायचे. बारा वाजता मास्तरांनी कोपऱ्यात एक हिशेब मांडला आणि खडू ठेवला.

"कोंडाजीराव, ह्या वेगानं तुमचे सगळे चिंचोके उद्या दुपारी साडेचार वाजता संपतात. उद्या शाळा आहे."

"बघू."

"बघू नका, एकदा बघतो म्हणा! हरलात तर तुमच्या ढिगाला धक्का लागत नाही, जिंकलात तर खेळ संपला. ह्याच्याकडं आहेत किती? मूठभर. अशा वेळी हातात काहीही असलं तरी बघायचं असतं. गणित आहे हे, तिसरीतलं पोर सोडवेल."

"मी दुसरीतनं शाळा सोडली," कोंडाजी म्हणाला.

शिदू मान खाली घालून चिंचोके एका ओळीत लावत होता. त्याच्या चेहऱ्यावर जिंकत असलेल्या माणसाचा आनंद दिसत नव्हता. प्रत्येक वेळी "पडलो" ऐकलं की तो थोडा खचायचा.

दोनच्या सुमाराला कोंडाजीची बायको मुक्ताबाई डोक्यावर इरलं घेऊन आली. चारला फाटकावर ड्यूटी होती, ती आठवण करायला. पडवीत येऊन तिनं इरलं टेकवलं, खोकली, आणि फळा पाहिला. शिदू एकाहत्तर, कोंडाजी तीनशे एकोणतीस.

"अवं, सकाळी लय व्हते म्हनं तुमचे?"

"हायेत अजून."

"वहिनी, सकाळपासून बासष्ट वेळा पडले," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता.

"मोजलं व्हय तुमी?"

"दुसरं काय करणार?"

कोंडाजी उठला आणि तिला पडवीच्या टोकाला, पागोळ्यांपाशी घेऊन गेला.

"तुला न्हाई कळायचं त्ये. त्याला उठवला तर अठरा भाकऱ्या थापायच्या तुला. वल्ल्या लाकडावर. काल दोगांचं केलंस तर रातभर खोकत व्हतीस. मी जागाच व्हतो."

"म्हंजी माज्यापायी पडताय?"

"मग काय हौस हाय?"

"आन् त्यो स्टोव्ह कुनासाठी पायजे व्हता?"

"तुज्यासाठीच की. धूर न्हाई त्याला." कोंडाजीनं पावसाकडं पाहिलं. "त्योच तर घोळ झालाय. स्टोव्ह मिळवायचा तर आधी धूर. कालपास्नं इचार करतोय, वाटच घावंना."

मुक्ताबाईला हसू आलं, त्याचा खोकला झाला, आणि खोकला ओसरल्यावर ती म्हणाली, "आजवर धूर काय दुसऱ्या कुनी येऊन गिळला? जावा, बसा. आन् बघा त्याचं. अठरा तर अठरा. मी गेल्यावर आनून काय त्याच्यावर पानी तापवणार हाय का?"

कोंडाजी परत येऊन बसला. मास्तरांनी पानं वाटली.

"ओतलं," शिदू सवयीनं म्हणाला.

कोंडाजीनं पानं उचलली. राणी, सत्ती, चौकी. एकाचा एकाशी संबंध नाही. दिवसभरात इतकी वाईट पानं त्याला आली नव्हती. ह्याहून कितीतरी चांगली त्यानं बासष्ट वेळा टाकून दिली होती. त्यानं पुन्हा पाहिली. तीच होती. मागून महिपतीनं वाकून पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"बघतो," कोंडाजी म्हणाला.

मास्तर फळा पुसायला अर्धे उठले होते, ते तसेच राहिले.

"काय म्हनलात?" शिदूनं विचारलं.

"बघतो म्हनलो."

शिदूनं हात धोतराला पुसले. त्यानं पहिलं पान उलटं केलं. गुलाम. दुसरं, नव्वी. तिसऱ्यावर त्यानं तळहात ठेवला, क्षणभर तसाच ठेवला, आणि उलटलं. तिर्री.

"राणी मोठी," मास्तर म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले.

शिदू उठला. त्याचं तोंड कानापर्यंत फाकलं होतं.

"हरलो! लय झाक हरलो! कोंडाजीभाऊ, तीन वर्सं झाली, हरायला बसतोय. कुनी हरवतच न्हाई, बक्षीस हातात देऊन वाटेला लावत्यात. मग, जेवाया कवा यायचं?"

महिपती बराच वेळ आपली छत्री उघडत होता, आणि ती उघडीच होती.

स्टोव्ह घरी आला, पण पेटला नाही. त्याच्यात रॉकेल नव्हतं आणि पिनही नव्हती. मास्तर सोमवारी लोणावळ्याहून दोन्ही आणतो म्हणाले. तोवर मुक्ताबाईनं त्याला चुलीसमोरच्या फळीवर, नीट दिसेल असा ठेवला आणि चूल पेटवली. घर धुरानं भरलं. ती पदर तोंडाला लावून खोकत पहिली भाकरी थापू लागली.

शिदू उंबऱ्यापाशी उभा होता. त्याच्यानं राहवेना.

"वैनी, जरा सरा."

आत येऊन त्यानं चुलीतली लाकडं ओढून काढली, कोपऱ्यातला कोयता घेतला आणि एकेक लाकूड उभं चिरून त्याची ओली साल सोलून टाकली. आतून कोरड्या धलप्या निघाल्या. त्या त्यानं चुलीत आडव्या-उभ्या, मधे वारा खेळेल अशा रचल्या. सोललेली साल चुलीच्या पाठीवर वाळत घातली. फुंकर दोनदाच घातली. जाळ सरळ वर गेला. धूर कौलांतून निघून गेला आणि परत आला नाही.

"ही तऱ्हा कुटं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? आमच्याकडं पाऊस तुमच्याआधी पडतो."

मुक्ताबाईनं अठरा भाकऱ्या भाजल्या, आणि खोकली नाही. कोंडाजी दारात बसून ऐकत होता.

माजघरात दोन पाट मांडले. शिदू पुन्हा उंबऱ्यापाशी जाऊन टेकला.

"आमी हितं बसतो. हितं बरं हाय."

"तितं वाढायला मला वाकावं लागंल," मुक्ताबाई म्हणाली. "आत या."

तो आत आला. पाटाच्या अगदी कडेला बसला, मग थोडा मागं सरकला, मग नीट बसला. माठाची भाजी, लसणाची चटणी, भाकरीवर तुपाचा थेंब. अठरा कमी पडायला नकोत म्हणून कोंडाजी नुसताच शेजारी बसला. शिदूनं एक भाकरी खाल्ली. दुसरी सावकाश खाल्ली. तिसरी अर्धी मोडली आणि हात पुसला.

"झालं."

"झालं कसं? लाजू नगा," कोंडाजी म्हणाला.

"न्हाई भाऊ, पोट भरलं. मी येवढंच जेवतो."

तिघांनी भाकऱ्यांच्या चळतीकडं पाहिलं. साडेपंधरा होत्या.

"मग त्या अठरा?" मुक्ताबाईनं विचारलं.

"कुनास ठावं. लोकं बोलायला लागली. मी म्हनलं, बोलतायत तर बोलू द्या."

"सांगते मी आता सगळ्यांना. अडीच भाकऱ्यांचा मानूस, आन् तीन वर्सं ह्यांनी..."

"नगं वैनी," शिदू घाईनं म्हणाला. "अठराच सांगा. पाच कोसांत नाव हाय माजं. आता ह्या वयात कमी कशाला करता?"

मुक्ताबाईनं तोंड घट्ट मिटलं आणि मान डोलावली. तो निघाला तेव्हा ती दारातून म्हणाली, "पुढच्या वर्सी हरायची वाट बघत बसू नगा. तसंच या."

सोमवारी मास्तरांनी स्टोव्ह पेटवून दिला. तो इंजिनासारखा गरजायचा, त्यामुळं पहिले काही दिवस कोंडाजी झोपेतून उठून फाटकाकडं धावायचा. मुक्ताबाईचा खोकला भाद्रपदात उतरला.

पण त्याआधी उरलेल्या भाकऱ्यांचं काहीतरी करायला हवं होतं. गुरांना घातल्या तर शेजारी मोजणार, ओढ्यात टाकल्या तर तरंगणार. नवराबायकोंनी दार लावून सकाळ-संध्याकाळ त्या खाल्ल्या. मंगळवारी कोंडाजी तेरावी भाकरी घेऊन फाटकावर गेला. ती एव्हाना कौलासारखी झाली होती. चहात बुडवून त्यानं मोठा तुकडा तोंडात घातला, तेवढ्यात गाडीची घंटा झाली. त्यानं फाटक लावलं आणि हिरवं निशाण घेऊन उभा राहिला. पलीकडं महिपतीची बैलगाडी येऊन थांबली.

"कोंडाजी," महिपती ओरडला, "किती खाल्ल्या रं त्यानं?"

कोंडाजीचं तोंड भरलेलं होतं. उजव्या हातात निशाण होतं. त्यानं डावा हात वर केला, पाचही बोटं पसरून तीनदा दाखवली, मग आणखी तीन बोटं. महिपतीनं टोपी मागं सारली आणि बैलांना सांगितलं, "तरी मी म्हनत व्हतो."

गाडी गेली. कोंडाजीनं घास सावकाश चावून गिळला, निशाण गुंडाळलं आणि फाटक उघडलं.