मेन चालू करण्याआधी

मेन चालू करायच्या आधी हाक मारायची आणि उत्तर आल्याशिवाय खटक्याला बोट लावायचं नाही, ही पक्कडकाकूंच्या घरातली रीत. घालून दिली नवऱ्यानं. तो वायरमन. कुणाच्याही घरी काम असलं की बोर्डापाशी उभा राहून तो ओरडायचा, "करू का चालू?" आणि काकू शिडीवरून, माळ्यावरून, जिथं कुठं वायर धरून बसल्या असतील तिथून ओरडायच्या, "करा चालू!" उत्तर नाही आलं तर गडी ताटकळत उभा राहील, पण खटका वर करणार नाही. लग्न झाल्यापासून काकू त्याच्या हाताखाली होत्या. शिडी धरायची, वायर सोलायची, मागायच्या आधी पक्कड हातात द्यायची. नाव त्यावरूनच पडलं.

त्याच माणसाचा हात घरात मात्र कुणाला विचारून उठत नसे. जेवण गार झालं, उठला. पक्कड द्यायला उशीर झाला, उठला. अख्ख्या गल्लीला विजेपासून सांभाळणाऱ्या या शहाण्यानं स्वतःच्या बायकोचा खांदा निखळवला होता. दाराआडून लेक दोन्ही बघत होता, मेनची रीतही आणि मारही. दोन्ही शिकला. पुढं बाप गेला, लेकाचं लग्न झालं आणि सुनेच्या गालावर पहिल्यांदा पाच बोटं उमटली, तेव्हा काकूंनी काय करावं? गालाला बर्फ लावला आणि म्हणाल्या, "सोस गं बाई. तापट आहे, मनानं वाईट नाही." जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

मागच्या महिन्यात त्यानं सुनेचं मनगट दाराच्या फटीत धरलं आणि दार लावलं. हाड मोडल्याचा आवाज काकूंना स्वयंपाकघरात ऐकू आला. दवाखान्यातून परतल्यावर, हात प्लास्टरमध्ये, सून पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "पुन्हा हात लावलास तर पोलिसांत जाईन." लेक हसला. आणि खरंच, त्यानंतर त्यानं तिला बोटही लावलं नाही. काकूंना वाटलं, सुटलो एकदाचे.

मग सुनेला बाथरूममध्ये झटके बसायला लागले. नळाला हात लावला की कधी नुसत्या मुंग्या, कधी हात फेकला जायचा. "गिझर जुना झालाय," लेक म्हणायचा, "आणि तू नाजूक." एके सकाळी सुनेच्या आंघोळीच्या वेळेला काकू आत गेल्या. दार लावलं, नळ सोडायला हात घातला आणि नळानं तो हात धरूनच ठेवला. दातांवर दात आपटले, कुणी खांद्यापर्यंत करवत चालवावी तसं झालं आणि त्या मागं फेकल्या गेल्या. कपाळ फरशीवर फुटलं. पायांत रबरी चपला होत्या म्हणून जीव वाचला. लेकानं दार ढकललं आणि रक्तानं माखलेली आई बघून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"तू कशाला आत गेलीस?" त्यानं विचारलं. लागलं का, ते नाही विचारलं.

गिझर बंद होता. पडल्या पडल्या काकूंनी तेवढं पाहून ठेवलं. लेक कामावर गेल्यावर त्यांनी कपाळाला फडकं बांधलं आणि मेनची पेटी उघडली.

पेटी बोळात होती, लोखंडी. तिला लागूनच टाकीहून खाली येणारा पाण्याचा लोखंडी पाइप. नवऱ्यानं पेटीच्या लोखंडालाच ठोकलेल्या एका पट्टीवर न्यूट्रल आणि अर्थिंग बांधून पट्टीपासून एक जाड हिरवी वायर परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात नेली होती आणि दुसरी या पाइपाला जोडली होती. चुकून कुठं पाइपात वीज उतरलीच, तर तिनं माणसात न शिरता वायरीतून परत यावं आणि मेन धाडकन पडावा, यासाठी ती दुसरी वायर. ती कापलेली होती. गंजून तुटलेली नव्हती, पकडीनं एका दाबात कापलेली, आणि तीही घरच्या पकडीनं. त्या पकडीच्या तोंडात एक खाच पडलेली होती आणि खाचेची रेघ तांब्यावर तशीच उमटली होती. काकू माळ्यावर चढल्या. तिथं एक नवी लाल वायर होती. तिचं एक टोक पाइपाला आवळलेलं, दुसरं लेकाच्या पलंगाशेजारच्या बोर्डात, एका रिकाम्या बटणाला.

मार दिसतो, शॉक दिसत नाही. पोरगं बापापेक्षा हुशार निघालं होतं. काकू माळ्यावरच्या धुळीत बसून तोंडात पदर कोंबून रडल्या. खाली उतरल्या, तर बाथरूममधल्या रबरी चपला कचऱ्याच्या डब्यात पडलेल्या. जाता जाता टाकून गेला होता. म्हणजे आता नुसते झटके नाहीत. उद्या सकाळी तो तिला मारणार होता.

त्यांनी सुनेला सगळं दाखवलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. "जाऊ कुठं मी, आई? जिथं जाईन तिथं येईल तो."

लाल वायर उपटून टाकावी आणि सुनेला घेऊन चौकीत जावं, एवढं सरळ होतं. पण आईचं काळीज मोठं लबाड. कुणी सांगावं, वायर दुसऱ्याच कशाची असेल. कुणी सांगावं, त्याच्या एखाद्या दोस्तानं केलं असेल. काकूंना डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांनी लाल वायर तशीच ठेवली. तांबं घासून लख्ख केलं, नवी हिरवी वायर पाइपाला क्लॅम्पनं आवळली आणि पेटीतल्या पट्टीवर घट्ट पिळली. आता त्यानं बटण दाबलं तर पाइप कुणाला चावणार नव्हता. मेन पडणार होता.

सकाळी काकूंनी स्वतः नळ सोडून बादली लावली. "लाकडी स्टुलावर उभी राहा," त्या सुनेच्या कानात म्हणाल्या, "आणि कशाला म्हणून हात लावू नकोस." सून आत गेली. लेक खोलीत पलंगावर बसला होता, अनवाणी, नुकताच उठलेला. काकू बोळात पेटीपाशी उभ्या राहिल्या. देवा, नको पडू दे, असं त्या म्हणत होत्या.

धाड! पेटीत ठिणगी उडाली, पंखे थांबले, बोळातला दिवा गेला.

लेक धावत बाहेर आला. आधी त्यानं बाथरूमच्या दाराकडं पाहिलं, मग पेटीकडं, मग चकाकत्या हिरव्या वायरीकडं. वायरमनचंच पोर ते, कळायला वेळ लागला नाही.

"कुणी केलं हे?"

"मी," काकू म्हणाल्या. "तुला लाज नाही वाटत?"

त्यानं आईच्या तोंडावर मूठ मारली. काकू खाली पडल्या. जिभेवर काहीतरी खडा आला, तो दात होता. मग बरगडीत लाथ बसली, मग पुन्हा तिथंच. बाथरूमचं दार उघडून सून स्टूल घेऊन आली आणि एका हातानं तिनं ते त्याच्या पाठीत घातलं. तो गुरासारखा ओरडला. वळून त्यानं तिचं प्लास्टर धरून पिरगाळलं आणि डोकं भिंतीवर आपटलं. भिंतीवर लाल ठिपका उमटला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा ती खाली कोसळली.

"थांब," तो धापा टाकत म्हणाला. "आज तुला आंघोळ घालतोच. केसाला धरून घालतो. आणि ही म्हातारी बघेल."

फळीवरची पक्कड घेऊन त्यानं हिरवी वायर कापली. क्लॅम्प हिसडून काढला आणि तोल सावरायला डावा हात पाइपावर घट्ट ठेवला. उजव्या हाताची बोटं लोखंडी पेटीच्या कडेला आवळून अंगठा खटक्याखाली आणला.

काकू जमिनीवरून बघत होत्या. खोलीचं दार उघडं होतं आणि पलंगाशेजारचा बोर्ड त्यांना स्वच्छ दिसत होता. बटण चालूच होतं. रागाच्या भरात तो ते बंद करायला विसरला होता, आणि घरात वीज नसल्यामुळं पाइप आत्ता थंड होता. पाइप आणि पेटी यांना एक ठेवणारी वायर त्यानं स्वतः कापली होती. आता त्या दोघांच्या मध्ये तोच उभा होता.

आणि मग, इतक्या रागातही, हाडात मुरलेली सवय गेली नाही. खटका वर करायच्या आधी तो ओरडला, "करू का चालू?"

आणि थांबला. लहानपणी स्टुलावर चढून याच पेटीपाशी तो असाच थांबायचा, आईचं उत्तर येईपर्यंत श्वास रोखून. काकूंना ते सगळं आठवलं. त्याच्या मानेवरचा जन्मापासूनचा डाग दिसत होता. हात काढ बाळा, बटण चालू आहे, एवढंच म्हणायचं होतं. भिंतीपाशी सून उठायची धडपड करत होती आणि तिच्या कानातून रक्त येत होतं.

काकूंनी तोंडातलं रक्त थुंकलं.

"कर चालू," त्या म्हणाल्या.

दिवा लागला, पंखे फिरायला लागले. लेक ओरडला नाही. त्याचे दोन्ही हात चिकटून राहिले, मान मागं गेली, टाचा जमिनीवर तडतडल्या आणि बोळात जळक्या कातड्याचा वास पसरला. सून सरपटत त्याच्याकडं निघाली, तेव्हा काकूंनी तिचा पाय धरला. "हात लावू नकोस, तूही चिकटशील." मग त्यांनी स्टूल ओढून घेतलं, भिंतीला धरून उठल्या आणि स्टुलाच्या पायानं खटका खाली पाडला. घाई केली असती तर आधीही पाडता आला असता.

लेक खाली कोसळला. काकूंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तशाच बसून राहिल्या, चौकीतला फौजदार येईपर्यंत.

फौजदारानं पेटी पाहिली, कापलेली वायर पाहिली, दोघी बायकांची तोंडं पाहिली. "झालं कसं हे?"

"घाईत होते," सून पटकन म्हणाली. "न विचारता मेन चालू केला त्यांनी."

"खोटं नको बोलूस गं," काकू म्हणाल्या. लेकाच्या कपाळावरचे केस त्यांनी मागं सारले. "विचारलं होतं त्यानं. मी कर म्हणाले."