झरोक्यात कोंबलेलं ब्लँकेट

"खाणीत दिवसा पण अंधार, रात्री पण अंधार. मग तुला रात्रीच का उतरायचं असतं, विन्को?"

विन्को पलंगावर आडवा होता. "हळू बोल रे लाझार. डोकं फुटतंय."

"बरं दिवसाचंच फुटतं."

दोघं जुने भागीदार. त्यांच्या खाणीतला ओपल रत्नांचा चांगला पट्टा कोणीतरी खरवडून नेला होता. कूबर पेडीसारख्या खाणवाल्यांच्या गावात उन्हात न दिसणारा माणूस म्हणजे रात्री दुसऱ्याच्या खाणीत हात मारणारा, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि विन्को हल्ली दिसला तर काळा चष्मा, टोपी नाकापर्यंत. काल क्लबात लाझारने भडकून त्याचं नाव घेतलं. लोकांनी ठरवलं, आज दुपारी त्याचा ट्रक पेटवू, गावाबाहेर हाकलू. त्याआधी लाझारला चोरीचा माल हवा होता.

"वरची पांढरी माती उन्हात डोळ्यांत सुया खुपसते," विन्को म्हणाला. "मग अर्धं डोकं ठणकतं, उलट्या होतात. डॉक्टरीण म्हणाली, अर्धशिशी."

"ती बायकांना होते."

"मग मी तुझी बायको. झालं समाधान?"

लाझारने खोलीभर नजर फिरवली. जमिनीखालचं घर, दिव्यावर मोजा चढवलेला, आणि छतातल्या हवेच्या झरोक्यात चक्क ब्लँकेट कोंबलेलं. हवेचं भोक कोण बुजवतं?

"त्याला हात लावू नकोस," विन्को पटकन म्हणाला.

बास. लाझार स्टुलावर चढला आणि ब्लँकेट खस्सकन ओढलं.

नुसती धूळ पडली. मागोमाग ऊन, सरळ विन्कोच्या तोंडावर. तो कण्हला, बादली चाचपडली, सापडली नाही, लाझारच्या बुटांवरच ओकला. काहीतरी बोलायला गेला, पण शब्द अर्धेच फुटले.

लाझारने तरी ब्लँकेट झटकलं. उशी उचलली. ओला टॉवेल, गोळ्या. एक खडा नाही. शिवी हासडत त्याने झरोका पुन्हा बुजवला.

बऱ्याच वेळाने विन्कोला नीट बोलता आलं. "माझं नाव कोणाकोणाला सांगितलंस?"

"क्लबात. सगळ्यांना. आज दुपारी तुझा ट्रक पेटवायला येणार आहेत."

"ट्रक पेटवायचं कोणी काढलं?"

"शेजारच्या खाणीतल्या कोस्ताने. म्हणाला, डाव्या भिंतीचा पट्टा नेणाऱ्याला..."

लाझार थांबला. डावी भिंत? पट्टा गेला एवढंच तो क्लबात बोलला होता. कुठली भिंत ते या दोघांशिवाय फक्त चोरालाच माहीत असणार.

वर गाड्या थांबल्या. दारं आपटली.

"पडून राहा," लाझार म्हणाला. "डावी भिंत कुठून कळली, ते वर जाऊन कोस्ताला विचारतो."