अडीच, पास!

मित्रांनो, कारखाना बघायला आलात ना? मग काचेच्या कपाटातल्या या खडूस यंत्रापाशीही दोन मिनिटं थांबा. मी एक जुना व्हिस्कोमीटर आहे. जीभ अडखळली? चालायचंच! विक्रोळीच्या या रंगांच्या कारखान्यात मला सगळे 'म्हातारबा' म्हणतात. द्रव किती दाट आहे ते मी सांगतो. तुमच्या पुस्तकात त्याला श्यानता म्हणतात. माझा दांडा द्रवात फिरू लागला की दाट द्रव त्याला धरून ठेवतो, स्प्रिंग ताणली जाते आणि तबकडीवरचा काटा सरकतो.

माझा जन्म १९७१ सालचा, अंधेरीच्या एका लहानशा वर्कशॉपातला. गोराईच्या पॉल नावाच्या कारागिरानं माझी केसाएवढी बारीक स्प्रिंग बसवली. खोक्यात ठेवताना तो मला म्हणाला, "खरं तेच सांग रे बाबा. बाकी लोक बघून घेतील." लोक काय बघून घेतात ते मला पंधरा वर्षांनी कळलं!

आमच्याकडे सगळा कारभार पॉईजमध्ये चालायचा. पाण्याची श्यानता साधारण एक सेंटीपॉईज, आणि असे शंभर मिळून एक पॉईज. नुसता आकडा सांगितला तरी पॉईज धरूनच चालायचे. त्याच्यापुढे काही विचारायची पद्धतच नव्हती.

१९८६ साली एक नवं, मोठं गिऱ्हाईक आलं. त्यांनी वॉर्निशचा नमुना पाठवला आणि सोबत टाइप केलेला कागद. तो वाचला आमच्या लॅबमधल्या सुलक्षणानं. हुशार पोरगी! वडिलांची गिरणी बंद पडलेली, घर तिच्या एकटीच्या जिवावर, आणि नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर. येत्या शनिवारी तिला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. कागदावर श्यानतेपुढे इंग्रजीत होतं अडीच, मग पी, ए, एक पुसट टिंब आणि एस. तिनं वाचलं, 'अडीच, पास'. म्हणजे अडीच पॉईज, तपासणीत पास! तिनं तशी नोंद केली आणि मुख्य केमिस्ट श्यामसुंदर साहेबांनी खाली सही ठोकली.

इकडे कढईवरच्या भाऊंनी गिऱ्हाइकाचा नमुना बोटांत चोळून पाहिला आणि अगदी तस्साच दोन टन माल शिजवला. भाऊ मूळचे मालवणकडचे. पंधरा वर्षं त्यांची बोटं माझ्याशी पैज लावत आली होती.

सुलक्षणानं तो माल मला लावला. माझा काटा सरकला. पंचवीस पॉईज! कागदावर अडीच आणि इथे दहापट? तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं गिऱ्हाइकाचा नमुना लावला. तोही पंचवीस! साहेब आले, माझ्याकडे बघून म्हणाले की यंत्राचं डोकं फिरलंय, कागद खोटं बोलत नाही, हे धूड आता भंगारात काढा. आणि भाऊंना त्यांनी पातळ करणारं रसायन ओतायला पाठवलं. मित्रांनो, माझा असा संताप झाला म्हणून सांगू! पण मला एक काटाच काय तो हलवता येतो.

एकदा पातळ केलेला माल पुन्हा दाट होत नाही. दोन टन माल गटारात गेला असता आणि सुलक्षणाची नोकरी त्याच्या मागोमाग. पण ती जागची हलली नाही. यंत्र खोटं की खरं ते बघू तरी, असं पुटपुटत तिनं कपाटातून माझ्या तपासणीच्या तेलाची बाटली काढली. त्यावर ठळक अक्षरांत दहा पॉईज लिहिलेलं. दांडा बुडाला. मी जीव मुठीत धरून फिरलो. बरोब्बर दहा!

आणि मग तिची नजर लेबलच्या खालच्या ओळीवर गेली. तिथे होतं एक, मग पी, ए, टिंब, एस. पंधरा वर्षं आम्ही सगळे तो बाटलीवरचा 'पास'चा शिक्का समजत होतो! इथे मात्र टिंब चांगलं ठसठशीत होतं. तो पास नव्हताच. ते होतं पास्कल-सेकंद, श्यानतेचं नवं एकक. दहा पॉईज म्हणजे एक पास्कल-सेकंद. मग अडीच म्हणजे?

ती जी धावत सुटली! पायातली चप्पल दारातच राहिली. भाऊंचा हात व्हॉल्व्हवर होता, थोडं रसायन पडलंही होतं.

"भाऊ, बंद करा. माल बरोबर आहे."

भाऊंनी व्हॉल्व्ह बंद केला आणि बोटं चोळत म्हणाले, "माका वाटलाच होता गो."

सुटली असती तशीच, पण ती सरळ साहेबांपुढे उभी राहिली. "साहेब, यंत्र नाही चुकलं. कागद मी चुकीचा वाचला." साहेबांनी कागद हातात घेतला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "सही माझी आहे," एवढंच ते म्हणाले. मग लॅबमध्ये येऊन त्यांनी स्वतःच्या रुमालानं माझी तबकडी पुसली. मला भरून आलं हो!

शनिवारी सुलक्षणा हातात पत्र घेऊन भाऊंकडे गेली. "भाऊ, पास झाले."

भाऊंनी तिला नीट न्याहाळलं. "ह्यो पास खयचो गो? आमचो की तुझ्या त्या पास्कलाचो?"

ती हसता हसता रडायला लागली.

आज १९८९ साली माझी स्प्रिंग सैल झाली आहे. माझ्या जागी लाल आकडे दाखवणारं झकास यंत्र आलंय. येऊ दे! त्याचा आकडाही आडनावाशिवाय, म्हणजे एककाशिवाय, उघडाच. गणितात, प्रयोगात, दवाखान्यात कोणी तुम्हाला नुसता आकडा सांगितला, तर त्याचं आडनाव विचारल्याशिवाय सोडू नका. आणि एक काम करा. या कपाटाच्या काचेवर सुलक्षणानं लिहून ठेवलंय, 'एक पास्कल-सेकंद म्हणजे दहा पॉईज'. धूळ बसली की त्यातलं काही वाचता येत नाही. जाताना तेवढी पुसून जा.