धुतलेली कापडं

बायको गेल्यापासून शिंपीदादा मेहुणीशी बोलले नव्हते. मेहुणी म्हणजे बायकोची थोरली बहीण, वस्तीतली आरोग्य स्वयंसेविका. बाळंतपणात तीच जवळ होती. बाळ वाचलं, बाळंतीण तिच्या डोळ्यांदेखत गेली. तेव्हापासून मेहुणीनं काम सोडलं होतं. मागच्या गल्लीतली पोटुशी सून रोज निरोप धाडायची, ही जायची नाही. "भाऊजी जा म्हणाले तरच जाईन," एवढंच म्हणायची.

शेवटी नर्सबाईंनी स्वयंसेविकांच्या शिकवणीसाठी शिंपीदादांकडे सारख्या मापाची कापडं मागितली. "तुम्हीच घेऊन या. तीही येणार आहे. हो की नाही, ते तिला तोंडावर सांगून टाका."

शिंपीदादांनी 'नाही' ठरवूनच ठेवलं होतं.

खोलीत सतरंजीवर बायका बसल्या होत्या. "अगं बाई, आपल्यात पुरुष कसा?" एकीनं पदर सावरला.

"असू दे. नाहीतरी आपली सगळ्यांची मापं त्यांना पाठच आहेत," दुसरी म्हणाली. हशा पिकला. शिंपीदादा कसनुसं हसले आणि दाराशीच टेकले. मेहुणी कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती.

नर्सबाईंनी तांबडं पाणी एका कापडावर ओतलं. "बाळंतिणीचं एवढं रक्त गेलं तर?"

"एवढं जातंच की. घाण निघून गेलेली बरी," एक म्हातारी म्हणाली.

"आणि एवढं?" नर्सबाई ओततच राहिल्या. एकामागून एक कापडं चिंब झाली.

मेहुणी उठली. हाताच्या सवयीनं तिनं ओली कापडं गोळा केली आणि नळाकडे निघाली.

"धुवू नका!" नर्सबाई ओरडल्या. "सगळी एका बादलीत टाका. बादली बघूनच कळतं किती गेलं ते. लगेच धुतलं, तर कळणार कसं?"

मेहुणी जागच्या जागी थिजली.

"मी धुतली ना," ती म्हणाली. "भिजेल तसं एकेक धूत गेले. दोरीवर सगळं स्वच्छ दिसत होतं, मला वाटलं ठीक आहे. तीच म्हणत होती, ताई, हे घरी यायच्या आत धू, यांना रक्त बघवत नाही."

शिंपीदादांना ती दोरी आठवली. पांढरी कापडं ओळीनं वाळत होती. आत जाऊन ते बायकोला म्हणाले होते, "ताईंनी घर कसं आरशासारखं ठेवलंय!" ती हसली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते, ते त्यांना थकवा वाटला होता.

ते उठले. मेहुणीच्या हातातली कापडं घेऊन त्यांनी बादलीत टाकली.

"ताई, उद्यापासून त्या सुनेकडे जात जा."

तिनं वर पाहिलं.

"आणि तिच्या नवऱ्याला बादली दाखवा. त्याला बघवत नसलं तरी बघायला लावा."

"हो." मग तिनं विचारलं, "भाऊजी, बाळाला बघायला येऊ?"

शिंपीदादा दाराकडे वळले.

"अजून नको," ते म्हणाले आणि तांबडे झालेले हात तसेच घेऊन बाहेर पडले.