गंजीत गेला की दोन

हिंगणघाटला बेसबॉलची टीम होती असं दुकानात कोणाला सांगितलं, की गिऱ्हाईक आधी साखर तोलून घेतं आणि मग हसतं. हसू दे. नऊ वर्षं होती ती टीम आणि मी तिचा कॅचर होतो. उजव्या हाताची दोन बोटं अजून वाकडी आहेत. किराण्याच्या पुड्या बांधताना ती नडतात आणि मग दिवसभर माझं डोकं ठिकाणावर राहत नाही.

टीम काढली बंडूजींनी. ते आमच्या शाळेत पीटी शिकवायचे. एक्याण्णव साली नागपूरच्या कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना एक बॅट, दोन बॉल आणि तीन ग्लोव्ह घेऊन आले. मास्तरांचं डोकं फिरलं असंच गाव म्हणालं. क्रिकेट सोडून हे कोणतं खूळ? बंडूजी शांतपणे सांगायचे, ‘‘हे पाहा, चार कोपरे हायेत. बॉल माराचा आन् पळाचं. चारी कोपरे घेऊन जिथून निंघाले तिथं परत आले, का झाला रन. मधात बॉल पोचला तं आउट.’’ एवढं कळलं की खेळता येत होतं. बाकीचं आम्ही मार खाऊन शिकलो.

प्रश्न जागेचा होता. गावातली मैदानं सगळी क्रिकेटवाल्यांच्या ताब्यात. तेव्हा मोतीलाल सेठजींनी त्यांच्या जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, आवार दिलं. गावात सेठजींचं नाव मोठं. टीमला त्यांच्या वडलांचं नाव द्यायचं, ही अट. दिलं. आम्हाला काय, बॅट फिरवायला जागा हवी होती. बनियनवर ‘सेठ हिरालाल स्मृती’ छापून आम्ही पळायला लागलो.

आवार लांबरुंद होतं, पण दिवाळीपासून पार मे संपेपर्यंत त्याच्या टोकाला कापसाची गंजी असायची. दोन मजली घराएवढी. आमचे खेळायचे दिवसही तेच, कारण पावसाळ्यात तिथं चिखल. लांब मारलेला बॉल हटकून गंजीत जायचा आणि पांढरा बॉल पांढऱ्या कापसात गडप व्हायचा. पहिल्याच आठवड्यात आमची पोरं बॉल शोधायला चपला-बुटांसकट गंजीवर चढली. सेठजी लाल झाले. कापसाला माती लागली तर भाव पडतो, ते बरोबरच होतं. त्यांनी नियम केला: बॉल गंजीत गेला की दोन बेस. पळणाऱ्याने दुसऱ्या कोपऱ्यावर थांबायचं. गंजीवर एकाच माणसाने चढायचं, अनवाणी, आणि तो माणूस तानबा.

तानबा जिनिंगमधला जुना हमाल, गंजीची राखण करणारा. आणि धीरजचा बाप.

धीरज आमच्या टीममधला खरा खेळाडू. हे मी मैत्रीपोटी म्हणत नाही. आमच्यापैकी बाकीचे बॉलला बॅट लावायचे, तो बॉलला धाडायचा. त्याचा फटका बसला की बॉल सरळ गंजीत. आणि संध्याकाळी ऑफिससमोर खुर्ची टाकून बसलेले सेठजी हात वर करून ओरडायचे, ‘‘थांब!’’ धीरज दुसऱ्या कोपऱ्यावर थांबायचा, कमरेवर हात ठेवून बापाकडे बघत हसायचा. तानबा गंजीत कोपरापर्यंत हात घालून बॉल शोधायचा. नऊ वर्षं हे चाललं. धीरज जिनिंगच्या प्रेसवर कापसाच्या गाठी बांधायच्या कामाला लागला तरी चाललं. सेठजींनी त्याला शब्द दिला होता की टीमने विदर्भाची फायनल जिंकली तर ऑफिसात पर्मनंट घेईन. तानबाने हा शब्द आख्ख्या मोहल्ल्याला सांगितला होता.

आणि दोन हजार साली आम्ही फायनलला पोचलो. मे महिना, अमरावतीचं मैदान. जिंकलो असतो तर पुढे राज्याच्या स्पर्धेत. सेठजी स्वतः गाडी घेऊन आले होते. सोबत नागपूरचे दोन व्यापारी, त्यांना ‘माझी टीम’ दाखवायला.

आमची शेवटची पाळी. दोन्हीकडे रन सारखे. दोन गडी बाद, तिसरा गेला की पाळी संपणार. धीरज उभा राहिला आणि त्याने आयुष्यातला सगळ्यात मोठा फटका मारला. बॉल सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला आणि त्या उघड्या मैदानावर पळतच सुटला. गंजी नाही, भिंत नाही, काही नाही. मागे धावणारा समोरच्या टीमचा पोरगा ठेचकाळून पडला. धीरज चालत चारी कोपरे घेऊन परत आला असता तरी आम्ही जिंकलो असतो.

तो दुसऱ्या कोपऱ्यावर थांबला. कमरेवर हात ठेवून.

आम्ही घसा फाटेपर्यंत ओरडलो. बंडूजींनी टोपी आपटली. धीरज आमच्याकडे बघत राहिला. काय चुकलं ते त्याला कळेना आणि कळलं तेव्हा बॉल परत आला होता. पुढचा खेळाडू मी. मी आउट झालो. मग जादा पाळीत त्यांनी एक रन काढला आणि आमचा खेळ खलास.

तो उन्हाळा कसला होता ते आठवा. पेपरात रोज क्रिकेटच्या फिक्सिंगच्या बातम्या. पानठेल्यावर दुसरा विषय नाही. आमचा मेटाडोर हिंगणघाटला पोचायच्या आत गावाने निकाल लावला होता: पोट्ट्याने पैसे खाल्ले. मी तीन बॉलमध्ये आउट झालो, माझ्यावर कोणी आळ घेतला नाही. मी दुकानदाराचा पोरगा ना. हमालाच्या पोराला विकत घेणं लोकांना सोपं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेठजींनी आम्हाला आवारात बोलावलं. जिनिंगचे सगळे कामगार भोवती उभे. समोर तीच गंजी.

‘‘कितीत इकली रे मॅच?’’ सेठजींनी विचारलं.

‘‘नाई सेठजी,’’ धीरज म्हणाला. ‘‘मले आदत पडली. लांब गेला का दोनवर थांबाचं, तेच डोक्यात बसून हाय. पायच उचलले नाई.’’

‘‘आदत? कायची आदत?’’

‘‘गंजीत गेला का दोन, सेठजी. तुमचाच नियम.’’

सेठजी क्षणभर गंजीकडे बघत राहिले. मला अजून वाटतं, तेवढ्या वेळात त्यांनी हिशेब केला. नियम कबूल केला तर हार त्यांच्या कापसाच्या नावावर लागणार, नागपूरकर हसणार. ‘‘असा कोनता नियम माह्या आवारात नव्हता,’’ ते म्हणाले.

‘‘होता सेठजी!’’ मी म्हणालो. बंडूजीही म्हणाले. सेठजींनी हात झटकला. ‘‘तुम्ही त्याचेच सोबती. जो रोज इथं राह्यते त्यालेच इचारू. तानबा, तू सांग बाप्पा. असा नियम होता का आपल्या इथं?’’

तानबा गंजीच्या कडेला उभा होता, अनवाणी. त्याच्याइतका तो नियम कोणाला माहीत होता? नऊ वर्षं तोच तर त्या कापसात हात घालत होता. घरात दोन पोरी लग्नाच्या, डोक्यावर जिनिंगनेच दिलेलं खोलीचं छप्पर. त्याने पोराकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघून म्हणाला,

‘‘नाई मालक.’’

मी सेठजींना एक वेळ समजू शकतो. त्यांची जातकुळी व्यापाऱ्याची, माझीही तीच. तानबाचाही मला राग येत नाही, आला तरी टिकत नाही. पण धीरजचा चेहरा मी बघितला आहे, आणि तो बघितल्यावर या गावात कोणाला नमस्कार करताना माझा हात पूर्वीसारखा वर जात नाही.

धीरज त्याच दिवशी घर सोडून गेला. जाम गावाच्या चौरस्त्यावर एका पंक्चरवाल्याकडे लागला, पुढे ते दुकान त्यानेच चालवलं. गावात आला की पोरं ‘फिक्सर’ म्हणून ओरडायची, मग येणंच बंद केलं. टीमसाठी जिनिंगचं फाटक पुन्हा उघडलं नाही. बंडूजी रिटायर झाले. दोन हजार चार साली तानबा गेला. धीरज मातीला आला, खांदा दिला आणि कोणाशी न बोलता परत गेला. मधल्या चार वर्षांत बापलेक एक शब्द बोलले नव्हते. तानबाने एकदा माझ्याजवळ त्याच्यासाठी फल्लीची, म्हणजे शेंगदाण्याची, चिक्की दिली होती. धीरजने ती घेतली, बाजूला ठेवली आणि टायर खोलत राहिला.

मग जिनिंग बंद पडलं आणि सात साली सेठजींनी आवारात लेआउट पाडलं. प्लॉट विकायचे तर गर्दी हवी. म्हणून उद्‌घाटनाला ‘जुन्या खेळाडूंचा सत्कार आणि प्रदर्शनीय सामना’ ठेवला. शाल, नारळ, माइक, मांडव. मी जाणार नव्हतो. धीरजचाच फोन आला. ‘‘जाऊ ना बे. मले एक डाव पाह्यचं हाय ते आवार. बापाची जागा हाय ते.’’

गेलो. सेठजींनी आमच्या खांद्यावर शाली टाकल्या, धीरजच्याही. हसून त्याची पाठ थोपटली. सात वर्षांपूर्वी काही झालंच नव्हतं जणू. मग माइकवर टीमचा गौरवशाली इतिहास सांगितला. त्यात अमरावती नव्हतं. तानबा तर नव्हताच.

सामना कॉलेजच्या पोरांशी. आमची पोटं सुटलेली, दम लागत होता, लोक हसत होते. धीरजची पाळी आली. दुसराच बॉल त्याने हाणला. तोच आवाज, तोच फटका. बॉल प्लॉटच्या चुन्याच्या रेषा ओलांडत, गंजी असायची तिथून गडगडत कुंपणाकडे गेला.

धीरज दुसऱ्या कोपऱ्यावर पोचला आणि थांबला. हात कमरेवर गेले. मला दिसत होतं, त्याने मुद्दाम केलं नव्हतं. त्याचा चेहराच उतरला.

मांडवातून आरडाओरडा झाला. आणि सेठजी, हातात माइक, खुशीत, खळखळून हसत ओरडले,

‘‘अरे पळ ना धीरज, पळ! आता कुठं गंजी हाय तिथं!’’

सगळ्या आवारात घुमलं ते. लोक हसले. मी हसलो नाही. मी मांडवासमोर जाऊन उभा राहिलो आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून विचारलं, ‘‘कोनती गंजी, सेठजी? असा तं नियमच नव्हता ना तुमच्या आवारात?’’

सेठजींचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांना समजलं. मागच्या ओळींतल्या एकदोन म्हाताऱ्या हमालांनाही समजलं, त्यांनी माना खाली घातल्या. बाकी कोणाला काही कळलं नाही. सेठजींनी माइकवर हात ठेवला, शेजारच्याला काहीतरी सांगितलं आणि लगेच लकी ड्रॉची घोषणा झाली. खुर्च्या सरकल्या, गर्दी चिठ्ठ्यांच्या डब्याकडे वळली.

धीरज अजून दुसऱ्या कोपऱ्यावर उभा होता. मी त्याच्याकडे गेलो. तो मांडवाकडे बघत नव्हता. जिथं तानबा बसायचा तिकडे बघत होता. तिथं आता प्लॉट नंबरची पाटी ठोकली होती.

‘‘आयकलं ना तू?’’ त्याने विचारलं.

‘‘आयकलं. सगळ्यायनं आयकलं.’’

‘‘बापानं नाई आयकलं,’’ तो म्हणाला. खांद्यावरची शाल काढून त्याने घडी केली, पाटीच्या पायथ्याशी ठेवली आणि फाटकाकडे चालायला लागला.