रावसाहेबांच्या पाठीवरची शिखरं

दुकानाचं शटर वर करावं, तर पायरीवर चपलांचा हा ढीग! विकायच्या नव्हेत, उतरवलेल्या. मी चपला विकतो, पण त्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसऱ्यांच्याच चपला तुडवत यावं लागे. अख्खी गल्ली वर माझ्या मावशीच्या खोलीत लोटलेली. कशाला? तर कासवाच्या दर्शनाला!

कासव मावशीचंच. काकांनी आणलं तेव्हा ते तळहातावर मावायचं. काका गेले आणि मावशी बोलायची ती त्या कासवाशीच, तेही अहोजाहो करून. म्हणून ते रावसाहेब. वाढता वाढता रावसाहेबांच्या पाठीवरचा एकेक खवला टोकदार होऊन वर आला आणि पाठीवर छोट्या टेकड्यांची रांग उभी राहिली. गल्लीत आधी कुणी कासव जवळून पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ज्याला त्याला नवल. मग कुठून तरी एक बाबा उगवले आणि त्यांना एका नजरेत सगळं कळलं.

"भक्तांनो," बाबा डोळे मिटून सांगायचे, "ही शिखरं म्हणजे तुमची दुखणी! कुणाची कंबर, कुणाचा दमा, कुणाची मूळव्याध. हा महात्मा सगळं ओढून स्वतःच्या पाठीवर घेतो!"

"यातली मूळव्याध कुठली हो?" मी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. बाबांनी मात्र न डगमगता मागून तिसरी दाखवली.

विधी असा, की रोग्यांनी भिंतीला टेकून पाय लांब करून बसायचं. बाबा प्रत्येकाच्या अंगठ्याला फीत बांधायचे आणि रावसाहेबांना मधोमध सोडायचे. रावसाहेब ज्याच्याकडे जातील त्याचं दुखणं गेलंच म्हणून समजा. आणि जायचेही! बाबांनी ज्याचं नाव आधी घेतलं, नेमके त्याच्याकडे. मग खोलीत हुंदके, टाळ्या, एकच गलका.

बाकी वेळ रावसाहेबांचा मुक्काम कपाटात. "ऊन लागलं की शक्ती उतरते," ही बाबांची आज्ञा. खायला दुधात भिजवलेला पाव, तोही विधी उरकल्यावर. होता होता रावसाहेबांना पोट उचलून चालणंच जमेना, फरशीवर घसटत जायचे. बाबांनी त्याचंही भांडवल केलं. "भार पुरा झाला! येत्या रविवारी महात्मा देह ठेवणार. मग आपण इथं मठ बांधू."

गल्ली धन्य झाली. मावशी तेवढी ओट्याशी पाठमोरी उभी राहून रडत होती.

"मावशी, अगं डॉक्टरला दाखवू या ना."

"देवाच्या कामात डॉक्टर कसला आणतोस? पाप लागेल." आणि लगेच माझं मनगट धरून म्हणाली, "हे गेले तर मी कुणाशी बोलू रे?"

माझं डोकंच फिरलं. बाबांचा चेहरा बघून काही कळत नव्हतं, म्हणून मी पाय बघायला लागलो. तो माझा धंदाच आहे. सगळ्यांच्या फिती पांढऱ्या, आणि ज्याच्यावर कृपा व्हायची त्याची तेवढी लाल! एकदा तर रावसाहेब लाल फीतवाल्याला सोडून कोपऱ्यातल्या एका सुनेकडे निघाले. ती बिचारी सासूला सोबत म्हणून आलेली. तिच्या नखांना लालभडक नेलपॉलिश. बाबांनी तिला जागच्या जागी यकृताचा आजार जाहीर करून टाकला.

शनिवारी मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन वर गेलो. त्या गमबूट माझ्याकडूनच घेतात. त्या दिवशी लाल फीत वाण्याच्या अंगठ्याला होती. मी त्याच्या शेजारी एक नवीकोरी लाल रबरी चप्पल ठेवून दिली. रावसाहेब घसटत निघाले, वाण्याकडे वळूनही न बघता थेट चपलेशी गेले आणि तिचा पट्टा चावायला लागले.

"बाबा, चपलेला काय झालंय? कंबर की दमा?"

"मूर्खा! चपलेच्या मालकाचं दुखणं आहे ते!"

"मालक अजून मिळायचाय. माल कालच आलाय."

कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. "लाल दिसलं की याला फळ वाटतं. उपाशी ठेवलं तर फितीमागेही जाईल."

"आणि शिखरं?" बाबा गरजले. "तीही चपलेनंच केली?"

"ती वाढ बिघडल्याची खूण आहे. लहानपणापासून खाणं चुकलं, ओलावा मिळाला नाही, की खवले असे टोकदार होतात. तेवढं निभलं असतं. पण ऊन नाही, हिरवा पाला नाही, कॅल्शियम नाही. कवच म्हणजे हाडच असतं हो, तेच मऊ पडलंय." त्यांनी मावशीचा अंगठा रावसाहेबांच्या पोटाकडच्या कवचावर टेकवला. "दाबा. अगदी हळू."

कवच आत गेलं. मावशीनं चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"रविवारचं बाबांना बरोबर कळलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असंच कपाटात ठेवलं तर फार दिवस जगणार नाही."

मावशीनं रावसाहेबांना उचललं आणि ती गर्दीतून दाराकडे निघाली. बाबा आडवे आले. "ऊन लागेल त्याला!"

"लागू दे! व्हा बाजूला," मावशी ओरडली आणि गच्चीचा जिना चढली.

रावसाहेब वाचले. औषधं, पाला, सकाळचं ऊन, कोमट पाण्यात बसणं, सगळं निगुतीनं चाललंय. कडेला नवीन आलेलं कवच सपाट आहे. टोकं मात्र कायमची, ती काही बसत नाहीत. बाबांनी मुक्काम हलवलाय. तिकडे म्हणे त्यांना तीन पायांचा बेडूक सापडलाय. तिकडच्यांना माझं एवढंच सांगणं, हात जोडण्याआधी हे असं का झालं, ते विचारा.

आमच्याकडे अजून कुणी ना कुणी येतंच. परवा एक बाई गुडघा धरून जिना चढली. "त्या शिखरांना नुसता हात लावू द्या हो," म्हणाली.

मावशीनं तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. "बाई, ते यांचं स्वतःचं दुखणं आहे. माझ्या डोळ्यांसमोर वाढत होतं आणि मी त्याला रोज नमस्कार करत होते. तुम्ही गुडघा डॉक्टरला दाखवा."