पत्र्याची चीर
ढवळूची जीप दाभोसा ते जव्हार चालायची. तिच्या मागच्या दाराच्या बिजागरीपाशी पत्र्याला चीर पडली होती. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यात दार हिसका द्यायचं, पत्रा थोडा वाकायचा, पुन्हा सरळ व्हायचा. ढवळूचा मेव्हणा कमलेश जव्हारला वेल्डिंग करायचा. त्याने चिरेवर जाड पट्टी मारून दिली. थोड्याच दिवसांत पट्टीच्या कडेने नवी चीर निघाली.

कमलेश म्हणाला, पत्राच दमलाय, जीप उभी कर, तेवढा भाग कापून नवा बसवतो. ढवळूला वाटलं, हा स्वतःचं वाईट काम झाकतोय. जीपस्टँडवर सगळ्यांदेखत त्याने मेव्हण्याची लाज काढली. त्यानंतर कमलेश त्याच्या जीपकडे बघेनासा झाला. ढवळूने चिरेत लांबीचा लगदा भरला, वरून रंग फासला.

पोशी, ढवळूची बायको, दोघांशी बोलून थकली होती.

बाजाराच्या दिवशी परत निघताना ती मागे दाराला टेकून बसली. जव्हार सोडल्यावर पहिल्याच वळणावर चाक खड्ड्यात गेलं. बिजागरीसकट दार उपटलं आणि पोशी दारासोबत रस्त्यावर पडली. तिचा हात कोपरापाशी मोडला.

कोणीतरी वेल्डिंगच्या दुकानात जाऊन सांगितलं तसा कमलेश धावत आला. बहिणीला बघितलं आणि त्याने सरळ ढवळूची गचांडी धरली. मी सांगितलं होतं, असं तो ओरडत होता. तुझ्याच पट्टीने फाडलं, असं ढवळू त्याची कॉलर धरून ओरडत होता. माणसं सोडवायला मध्ये पडली. पोशीला उठवायला मात्र जीपमधली एक म्हातारीच उतरली.

पोशीने शेजारी पडलेल्या दाराकडे पाहिलं. फाटलेली कड जवळजवळ सगळी गंजून तांबूस झालेली. एका टोकाला बोटभर पत्रा तेवढा चकचकत होता.

"हे आज नाही फाटलं," ती म्हणाली. "तुम्हां दोघांना ठाव होतं."

तरी एकमेकांची कॉलर कोणी सोडली नाही.

हाताला प्लास्टर घालून पोशी जामसरला आईकडे गेली. ढवळू न्यायला आला तेव्हा ती आतच बसून राहिली. दोन दिवसांनी कमलेश फळं घेऊन आला. तिने आईला सांगून त्यालाही अंगणातूनच परत पाठवलं.